आधी ती पिशवी काढा

पत्र :

«माझं वय 64. दीड महिन्यापूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अजून दोन महिने जिना उतरायचा नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही. मुलगा कुपवाडला कारखान्यात, सून शिक्षिका, नातू नववीत. साडेनऊला घर रिकामं होतं ते पाचपर्यंत. मालिका बघून कंटाळा आला, मोबाइल बघून डोळे दुखतात. संध्याकाळी सगळे येतात, पण जो तो आपल्या फोनमध्ये. सून वाईट नाही, हातात ताट आणून देते, पण दोन शब्द बोलायला तिला वेळ नाही. खोली छान आहे, उजेड येतो. कोपऱ्यात माझा लग्नाआधीचा तानपुरा आहे (पुराच्या वेळी वर आणला तो इथेच राहिला, एक तार तुटली आहे). त्याच्या खुंटीला औषधांची पिशवी अडकवते, म्हणजे हाताशी येते. दिवस कसा घालवू? विणकाम, शब्दकोडी, काहीतरी सुचवा.
– गावभाग, सांगली»

ताई,

विणकाम नको आणि कोडीही नकोत. सुनेबद्दल मी आज एक शब्द लिहिणार नाही, कारण तुमचं दुखणं तिच्यापाशी नाहीच. ते तुम्ही कंसात घालून ठेवलंय.

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा लोकांनी वर काय नेलं? धान्याचे डबे, गाद्या, शेगडी, कागदपत्रं. त्या धांदलीत तुम्ही भोपळ्याचा तानपुरा जिन्यावरून वर नेलात, आणि तोही कुठे धक्का न लागू देता. नको असलेली वस्तू पुरात कुणी वर नेत नाही. आणि आता त्याच तानपुऱ्याच्या खुंटीला गोळ्यांची पिशवी! हे वाचून मला खरंच राग आला. तुम्हाला वेळ घालवायला काही नाही असं नाही. आहे त्याच्याकडे तुम्ही पाठ करून बसलाय.

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे ती पिशवी काढायची. सतत वजन लोंबकळलं की खुंटी एका अंगाला दबते, भोकात घट्ट बसत नाही, आणि मग तार कितीही चढवा, सूर उतरतोच.

गवसणी (कापडी खोळ) काढून कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा. पाणी किंवा तेल लावू नका. भोपळा जिथे तबलीला (समोरच्या लाकडी फळीला) आणि गळ्याला चिकटवलेला असतो तिथे बोट फिरवून बघा, सांधा उकललाय का. भोपळ्यावर बोटाने हलकं टकटक करा. कुठे खरखर आली तर तिथे चीर असते. चीर सापडली तर तारा ताणूच नका, आधी मिरजेच्या कारागिराला दाखवा. सगळं धड असेल तर पुढे चला.

तुटलेली एकच तार बदलून भागणार नाही. इतक्या वर्षांत पोलादी तारांना गंज धरलेला असतो, आणि गंजलेली तार घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) घासून तिथे खाच पाडते. चारही नव्या आणा. नातवाला रविवारी मिरजेला पाठवा, सतारमेकर गल्लीत. दहा किलोमीटरवर अख्खी गल्ली हेच काम करते, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण सांगलीकर तारेवाचून वाद्य कोपऱ्यात उभं ठेवतो! नातवाच्या हातात जुन्या तारांचे तुकडे द्या, प्रत्येकावर चिठ्ठी लावून: पंचम, जोड, जोड, खर्ज. मधल्या दोन सारख्या तारा म्हणजे जोड, सगळ्यांत खालच्या सुराची ती खर्ज. खर्जाची पितळी आणि जाड असते. «बायकी तानपुऱ्याचा संच» एवढं सांगितलं आणि नमुना दाखवला की चूक होत नाही.

तारा एकेक करून बदला, चारही एकदम काढू नका. जुनी तार आधी खुंटी फिरवून सैल करायची, मगच काढायची. ताणलेली तार कापली तर ती थेट तोंडावर येते. नवी तार खाली लंगोटाला (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवतात त्या पट्टीला) अडकवा, मणी ओवा, घोडीवरून वर नेऊन खुंटीच्या भोकात घाला आणि तीन-चार वेढे घ्या. खुंटी घसरत असेल तर थोडी बाहेर काढून तिला खडू चोळा. पावसाळी हवेत खुंटी फुगून अडकली तर पक्कड लावू नका, डोकं तुटेल. दोन-तीन दिवस कोरड्या हवेत राहू द्या, आपोआप सुटते.

बसायचं कसं? मांडी घालायची नाही, हे बरोबर. तानपुरा पलंगाच्या कडेला लांबीने आडवा ठेवा, तारा वर. भोपळ्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ, म्हणजे तो लोळणार नाही, आणि दांडीखाली घडी घातलेली गोधडी. तुम्ही समोर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले. अर्ध्या तासाने उठून खोलीत चालायचं, फिजिओने सांगितलेले व्यायाम चुकवायचे नाहीत.

आता लावणं. लग्नाआधी पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, म्हणजे काळी चारला, गात असाल तर आज काळी तीनला लावा. त्याहून फार खाली नको, तारा ढिल्या पडून आवाज बसका येतो. षड्ज तुमच्या त्याच मोबाइलवरून घ्या. मात्र मोबाइलमधला तयार तानपुरा लावून मोकळं व्हायचं नाही. तुम्हाला कान परत हवाय, आणि तो लावता लावताच येतो. आधी जोडीतली एक तार षड्जाला. मग दुसरी तिच्याशी मिळवा. दोन्ही जवळ आल्या की आवाजात लाट ऐकू येते, वँव-वँव अशी. जितक्या जवळ, तितकी लाट संथ, आणि मिळाल्या की ती थांबते. मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने जवळपास आणायचं आणि मण्याने बारीक: मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. पलंगावर आडवा ठेवलात की खुंट्यांपर्यंत तुमचा हात पोचायचा नाही. संध्याकाळी नातू शाळेतून आला की त्याला खुंट्यांपाशी बसवा. तुम्ही तार छेडायची आणि सांगायचं, «अजून थोडी, अजून, थांब.» नव्या तारा पहिले तीन-चार दिवस उतरत राहतात, म्हणून हे रोजच करावं लागणार आहे.

सूर लागला की तारेखाली जीव, म्हणजे दोरा, घाला. शिवणाचा साधा सुती दोरा, नायलॉनचा नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये घालून केसाएवढा पुढे-मागे सरकवा. एक जागा अशी येते की बोदा ठणका जाऊन तार एकदम उघडते आणि गुंजत राहते. तिथे सोडा. दोरा कुठेही सरकवला तरी तार उघडत नसेल तर घोडीवर खाच पडली आहे, जवारी काढावी, म्हणजे घोडीचा माथा घासून नीट करावा लागेल. ते कारागिराचं काम, घरी पॉलिश पेपर हातात घेऊ नका. एक घासा जास्त बसला तर घोडी वाया जाते.

छेडताना पंचमाला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी. तार ओढायची नाही, बोटाच्या मांसल बाजूने तिच्यावरून घसरायचं. पहिला आठवडा गाऊ नका. सकाळी घर रिकामं झालं की वीस मिनिटं फक्त छेडा आणि ऐका. तानपुरा खरा लागला असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. ती तार गंधाराला लावलेली नसते, पण तो तिच्यातूनच उमटतो. लग्नाआधी तुम्ही तो ऐकला असणार. पहिल्या दिवशी नाही येणार, चौथ्या-पाचव्या दिवशी येईल.

दुसऱ्या आठवड्यात आवाज लावा. मध्य षड्ज, आकारात, एका श्वासाला एकदा. मग त्याखालचे सूर, मंद्र पंचमापर्यंत जमेल तेवढे. पलटे नकोत, ताना नकोत. आवाज थरथरेल, श्वास अर्ध्यात तुटेल. इतक्या वर्षांनी असंच होतं आणि त्याला घाबरून तानपुरा परत गवसणीत घालायचा नाही. जुनी बंदिश आठवत असेल तर ती महिन्याभराने.

आणि हो, औषधांच्या पिशवीसाठी पलंगाशेजारच्या भिंतीत मुलाकडून एक खिळा ठोकून घ्या.