काकांचं ग्रीन कार्ड आणि तुझी क्यूशीट

पत्र : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं प्रकाशयोजना केली. एमएसला अमेरिकेत जायचंय, पण बाबा म्हणतात, ‘तिकडे गेलास की नाटक विसर.’ माझे चुलतकाका १९७४ साली न्यू जर्सीला गेले. जन्मभर इंजिनिअरची नोकरी केली, तिथल्या मंडळात नाटकं बसवली, रविवारची मराठी शाळा चालवली, संसारही नीट केला. मला तसं जगता येईल का?
– एक विद्यार्थी, पुणे

येईल रे. पण काकांच्या वाटेने नाही.

काका गेले तो काळ निराळा. आधी अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम १०० जागा असायच्या. १९६५च्या कायद्याने ते कोटे मोडले आणि सत्तरच्या दशकात आपल्या इंजिनिअरांना ग्रीन कार्ड लवकर मिळालं. पाय रोवले गेले, तेव्हा कुठे मंडळं उभी राहिली. १९८१ साली त्या सगळ्यांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. आज नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि एका देशाच्या वाट्याला सहसा ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. आपल्या लोकांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं हलत नाही. तोवर एच-वन-बी, म्हणजे कंपनीच्या नोकरीशी बांधलेला तात्पुरता व्हिसा. त्यावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत तालमीला जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून ‘सेटल झाल्यावर नाटक करीन’ हे डोक्यातून काढ. तुझ्या पिढीला ते सेटल होणं चाळिशीतही भेटेल याची खात्री नाही. पहिल्या सत्रापासूनच सुरुवात कर. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, आणि बऱ्याच विद्यापीठांचं स्वतःचं थिएटर असतं. दिवे टांगायला, फोकस करायला त्यांना मुलं लागतात. कॅन्टीनमध्ये ताटं विसळण्यापेक्षा हे बरं, पैसेही मिळतात. पुढे एच-वन-बीवर मात्र सांभाळून. हौसेने, फुकट नाटक कर. बाहेरचं मानधन घेऊ नकोस, पाकिटातून दिलं तरी.

नोकरी निवडताना पगाराइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न विचार : महिन्याला किती रात्री बाहेर? कमिशनिंगच्या, म्हणजे साइटवर जाऊन नवी यंत्रं चालू करून द्यायच्या नोकरीत पैसा बरा असतो, पण महिना-महिना साइटवर काढणाऱ्याला प्रयोगाची तारीख कोण देणार? डिझाइनचं टेबल तुला जास्त मानवेल. गावही बघ. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्याही आहेत आणि मराठी मंडळही.

आता घराचं. तू त्यावर एकच शब्द लिहिलास, ‘नीट’. माझा एक वर्गमित्र तीस वर्षं तिकडे आहे. त्याच्या गराजमध्ये वाड्याचा दरवाजा बघितला : तीन फळ्या, मधे बिजागऱ्या, घडी घातली की बरोबर व्हॅनमध्ये मावणारा. भाड्याचा शाळेचा हॉल सकाळी मिळतो आणि रात्री रिकामा करून द्यावा लागतो, म्हणून हा उद्योग. प्रत्येक फळीच्या पाठीवर मार्करने ‘अंक २, डावी विंग’. मी थक्क होऊन बघत होतो. त्याची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, “याच्या सगळ्या तालमी शनिवारी. माझे शनिवार बाळाबरोबर, चार भिंतींत.” डिपेंडंट व्हिसावर तिला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. २०१५पासून अशा काही जोडीदारांना ती मिळते, पण नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढे सरकल्यावर. पुढे ती प्रॉम्प्टिंगला बसायला लागली, मग दोन एकांकिका तिनेच बसवल्या. पण मधली सहा वर्षं गेली ती गेलीच. काकांना फोन करशील तेव्हा थोडा वेळ काकूंशीही बोल, आणि हे शनिवारचं त्यांनाच विचार.

बाबांना मी वेगळं काही लिहीत नाही, हेच पत्र वाचायला दे. आणि पुरुषोत्तमच्या क्यूशीट्स, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा-विझवायचा ते तक्ते, रद्दीत घालू नकोस. स्कॅन कर, शेजारी इंग्रजीत दोन-दोन ओळी लिही, दिव्यांच्या मांडणीचे फोटो जोड. थिएटरच्या कामाला अर्ज करशील तेव्हा तिथला टेक्निकल डायरेक्टर गुणपत्रिका मागणार नाही, हे मागेल.