हातात भरपूर ऑर्डर असताना मायर वेर्फ्ट ही जहाजबांधणी कंपनी अडचणीत का आली? जर्मन सरकारने तिला पैसे का दिले?

ऑर्डर होत्या, खेळतं भांडवल नव्हतं. क्रूझ जहाज बांधताना किमतीच्या साधारण 20 टक्केच रक्कम हातात येते. उरलेले 80 टक्के जहाज ताब्यात दिल्यावर. तोवर पोलाद, इंजिनं, केबिन, पगार, सगळं यार्डाने कर्ज काढून भागवायचं. त्यात बरेच करार कोविडच्या आधीच्या भावाने झालेले. युक्रेन युद्धानंतर वीज आणि कच्चा माल महागला, पण भाववाढीचं कलम करारात नव्हतं. शेवटी बँकांनीही हात आखडता घेतला.

2024 मध्ये केंद्र आणि लोअर सॅक्सनी राज्याने मिळून सुमारे 40 कोटी युरोंना जवळपास 80 टक्के हिस्सा घेतला आणि मोठ्या कर्जांना हमी दिली. लक्झेंबर्गला नेलेलं मुख्यालय जर्मनीत परत आणायची अटही घातली, हे फार बरं केलं. पापेनबुर्ग हे एम्स नदीकाठचं छोटं शहर; तिथली हजारो घरं या यार्डावर चालतात.

माझ्या मते नुसत्या अनुदानापेक्षा हिस्सा घेणं योग्यच. कंपनी सावरली तर तो विकून करदात्यांचा पैसा वसूल होऊ शकतो. मात्र नव्या करारांत भाववाढीचं कलम यायलाच हवं.