क्रूझ जहाजावरून बेपत्ता पती : कंपनीचा तर्क, यूट्यूबचा तर्क आणि तुमचा दावा

प्रश्न : माझे पती (वय ३६) एका परदेशी क्रूझ जहाजावर केबिन स्टुअर्ड होते. मुंबईतल्या एजन्सीमार्फत गेले होते. जहाज बहामाजच्या झेंड्याखालचं, मायामीहून कॅरिबियनच्या फेऱ्या करणारं. चौदा महिन्यांपूर्वी रात्री दीड वाजता ते क्रूच्या पॅसेजमधल्या कॅमेऱ्यात दिसले. सकाळी दहाच्या ड्यूटीला आले नाहीत, तेव्हा शोध सुरू झाला. पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक) क्रू ऑफिसातच होते. कंपनी म्हणते, त्यांनी उडी मारली. त्या आठवड्यात मला ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’ असा त्यांचा मेसेज आला होता, त्याचा आधार घेतात. एक यूट्यूबवाला म्हणतो, त्यांना ढकललं. दुसरा एक माणूस सांगतो, ते एका बंदरात दिसले, चार लाख द्या, शोधून आणतो. कंपनी २५ हजार डॉलर देऊ करतेय, पण ‘फुल अँड फायनल’वर सही हवी. एलआयसी आणि बँक म्हणतात, सात वर्षं थांबा. पदरी दोन लहान मुलं आहेत. काय करू? (एक वाचक, वसई)

उत्तर : ताई, सगळ्यात घाईचं आधी सांगतो. त्या कागदावर सही करू नका, चार लाख देऊ नका आणि सात वर्षं थांबू नका. सात वर्षांचा सल्ला तुम्हाला सगळेच देत असतील. त्यात कायद्याचा अंश आहे, पण तुमच्या बाबतीत तो ऐकलात तर भरपाईचा हक्कच मुदतीबाहेर जाईल.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १११ (जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम १०८) सांगतं की, जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षं एखाद्याची खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. हे फक्त एक गृहीतक आहे, पुरावा नसेल तेव्हाची सोय. त्याआधी मृत्यू सिद्धच करता येत नाही असं हे कलम कुठेही म्हणत नाही. परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा असेल तर आजही दिवाणी न्यायालय मृत्यू झाल्याचं ठरवू शकतं. उत्तराखंडातल्या २०१३ च्या प्रलयानंतर आणि २०२१ च्या चमोली दुर्घटनेनंतर बेपत्ता लोकांच्या कुटुंबांना सात वर्षं ताटकळावं लागलं नाही. पण तिथे सरकारने खास कार्यपद्धती आखली होती. एकट्या माणसासाठी तशी सोय नसल्यामुळे तुम्हाला न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

दुसऱ्या बाजूला घड्याळ चालू आहे. करारभंगाच्या दाव्याला आपल्या मुदत कायद्यात तीन वर्षं मिळतात. नोकरीच्या करारात लवाद किंवा परदेशी न्यायालयाचं कलम असेल, आणि क्रूझच्या करारांत ते बहुधा असतंच, तर तिथली मुदत वेगळी असू शकते. ते कलम आजच वाचून घ्या. मुदत मोजायची ती बेपत्ता झाल्याच्या तारखेपासून, असं धरून चाला. चौदा महिने गेले आहेत. पुढच्या चार-सहा महिन्यांत दावा किंवा लवादाची नोटीस गेलीच पाहिजे. कंपनीच्या ‘आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत, प्रकरण विचाराधीन आहे’ अशा ईमेलने मुदत वाढत नाही. मुदत कायद्याच्या कलम १८ खाली ती नव्याने सुरू व्हायची, तर मुदत संपण्याआधी देणं मान्य केल्याचं सहीचं लेखी हवं. हे ईमेल लिहिणारे वकील तेवढं एक वाक्य बरोबर टाळतात.

आता तर्कांकडे येऊ. खरं काय घडलं हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. पण दाव्याच्या कागदात त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. प्रत्येक तर्काचा पैशावर वेगळा परिणाम होतो, आणि कंपनीने तिचा तर्क उगाच निवडलेला नाही.

‘उडी मारली’ म्हटलं की करारातला अपवाद पुढे करता येतो. मृत्यू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हेतुपुरस्सर कृतीमुळे झाला असेल तर भरपाई नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. मात्र अपवादाचा आधार घेणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. ‘कंटाळा आलाय’ हा मेसेज आठ-नऊ महिन्यांचा करार करून दिवसाला दहा-बारा तास राबणारा प्रत्येक स्टुअर्ड घरी पाठवतो. तेवढ्यावर आत्महत्या सिद्ध होत नाही. उलट कामाचे आणि विश्रांतीचे तास मागा. सागरी श्रम करारानुसार, म्हणजे जहाजांवर ‘एमएलसी’ म्हणतात त्यानुसार, जहाजावर विश्रांतीच्या तासांचा नियम लावलेला असेल तर २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हवी. नोंदीत ती कमी दिसली, तर त्याच मेसेजचा अर्थ कंपनीवर उलटतो.

‘बंदरात उतरून पळाले’ हा तर्क कंपनीने अजून मांडलेला नाही, पण मांडला तर पगार त्या दिवशी थांबतो आणि मृत्यूची भरपाई उरतच नाही. तुमच्या बाबतीत तो लंगडा आहे. पासपोर्ट आणि सीडीसी जहाजावर, आणि दीडनंतर सकाळपर्यंत जहाज कुठे लागलंच नसेल तर गँगवेवर (जहाजात चढण्या-उतरण्याच्या शिडीवर) कार्डाची नोंद असणार कशी? जहाज कधी आणि कुठे लागलं, हे लॉगबुकातून पक्कं करून घ्या. तोच मुद्दा तुमच्या मृत्यूच्या दाव्याचा कणा आहे.

वेळेचं गणितही मांडा. दीड ते दहा म्हणजे साडेआठ तास. जहाज १८ नॉटच्या वेगाने जात असेल तर त्या वेळात ते १५३ सागरी मैल, म्हणजे सुमारे २८३ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. माणूस कुठे पडला हेच ठाऊक नाही, तर शोध घ्यायचा कुठे? अलार्म उशिरा वाजला ही जहाजाच्या व्यवस्थेची उणीव आहे, आणि ती कोणत्याही तर्काखाली तुमच्या बाजूने बोलते.

‘ढकललं’ असं म्हटलं की प्रकरण फौजदारी होतं, आणि ते वसईच्या हातातून निसटतं. खुल्या समुद्रात जहाजावर झेंड्याच्या देशाचा अधिकार चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याचं कलम ९२ तेच सांगतं. भारतीय पोलिसांना हातपाय हलवायला जागा आहे ती संशयित भारतीय असेल तेव्हा. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०८ लागू होतं, पण खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. यूट्यूबवर ‘एफबीआयला तपास करावाच लागतो’ असं सांगतात, ते अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यावरून. त्या कायद्यात बेपत्ता व्यक्तीबद्दल कळवण्याची सक्ती आहे ती अमेरिकी नागरिकाबाबत. संशयास्पद मृत्यूचीही नोंद त्यात येते, पण भारतीय कर्मचाऱ्यासाठी तो आधार पातळ आहे. पत्र जरूर पाठवा, त्यावर विसंबू मात्र नका.

२०११ मध्ये डिस्ने वंडर जहाजावरून मेक्सिकोजवळ २४ वर्षांची एक ब्रिटिश कर्मचारी बेपत्ता झाली. तीही पहाटे क्रूच्या भागात कॅमेऱ्यात दिसली होती आणि सकाळी नऊच्या ड्यूटीला आली नाही. जहाज बहामाजचं, म्हणून तपासाला बहामाजहून एक पोलीस अधिकारी आला. लाटेने ओढून नेलं इथपासून घातपातापर्यंत तर्क तेव्हापासून फिरतात, उलगडा झालेला नाही. तुमच्या जहाजाचा झेंडाही तोच आहे, म्हणून फौजदारी तपासावर सगळी भिस्त ठेवू नका.

बहामाजकडून जे हमखास मागता येतं ते म्हणजे सागरी दुर्घटनेची चौकशी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या दुर्घटना चौकशी संहितेत, जी १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, जहाजावरून माणूस नाहीसा होणं ही ‘सागरी दुर्घटना’च धरली आहे. ज्या देशाच्या नागरिकाचा जीव गेला तो देश ‘महत्त्वाचा हितसंबंध असलेला देश’ ठरतो आणि चौकशीत सहभाग मागू शकतो. हे तुम्ही स्वतः करू शकत नाही, भारत सरकारने करायचं आहे. म्हणून डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक खातं), मुंबई यांना लेखी अर्ज द्या : बहामाज मेरिटाइम अथॉरिटीकडे अहवाल मागावा आणि भारताचा हितसंबंध नोंदवावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार टाका. एजन्सीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, डीजी शिपिंगच्याच हातात असतो. कंपनीच्या परदेशी ऑफिसपेक्षा ही मुंबईची एजन्सी लवकर हलते, त्याचं कारण तेच. तीस दिवसांत कोणी काहीच केलं नाही तर मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येईल. रिटमधून ‘काय घडलं’ याचा निकाल मिळणार नाही, सरकारी खात्याला काम करायचा आदेश मिळेल. सध्या तुम्हाला तेवढाच हवा आहे.

याच आठवड्यात कंपनी आणि एजन्सी दोघांना पुरावा जपून ठेवण्याची नोटीस वकिलामार्फत जाऊ द्या. ‘सर्व संबंधित पुरावे’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. नावानिशी मागा : घटनेआधीच्या आणि नंतरच्या २४ तासांचं सर्व डेकचं सीसीटीव्ही, केबिनच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची नोंद, गँगवेच्या कार्डाच्या नोंदी, डेक लॉगबुक, शोधाची नोंद, बचाव केंद्राशी झालेला संपर्क, जहाजावरच्या वायफायचं लॉगिन, दवाखान्याची नोंद, रूममेटचे जबाब, सामानाची यादी. व्हीडीआरचंही (जहाजाचा ‘ब्लॅक बॉक्स’) विचारा, पण आशा बेताची ठेवा. २०१४ नंतर बसवलेल्या यंत्रात मुख्य नोंद ३० दिवस राहते, जुन्यात फक्त १२ तास. त्या दिवशी कॅप्टनने ती वेगळी साठवली का, एवढाच प्रश्न उरतो. नसेल साठवली, तर ‘का नाही?’ हा प्रश्न न्यायालयात विचारता येतो. फूटेज मिळालं तर ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह आणि हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) घ्या. त्याशिवाय पेन ड्राइव्हला न्यायालयात किंमत नाही. तुमच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅपही पुरावाच आहे. फोन बदलू नका, विकू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद झाली असेल तर तिची प्रत काढा. ‘बोट आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर आलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवावी लागते. नाही ऐकलं तर पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने तक्रार, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नोंदीत तर्क लिहू नका, ‘अमुक वेळी शेवटचे दिसले, नंतर संपर्क नाही’ एवढंच. पोलिसांमार्फत सीबीआयकडून इंटरपोलची यलो नोटीस काढायला सांगा, ती बेपत्ता माणसांसाठीच असते. ती निघून काही हाती लागलं नाही, तर ‘बंदरात दिसले’ या म्हणण्याला तेच उत्तर होतं.

त्या चार लाखांच्या माणसाबद्दल. १९९८ मध्ये कुरासाओजवळ र‍्हॅप्सडी ऑफ द सीज जहाजावरून एमी ब्रॅडली नाहीशी झाली. तिला पाहिल्याचे दावे वर्षानुवर्षं येत राहिले, आणि माजी लष्करी कमांडो असल्याचं सांगून सुटका करून आणतो म्हणणाऱ्या एकाने कुटुंबाकडून पैसे काढले. पुढे तो फसवणुकीत दोषी ठरला. तुमच्याकडे आलेल्या माणसाकडे मोबदला न ठरवता लेखी माहिती मागा आणि ती पोलिसांकडे द्या. आणि हे नीट लक्षात घ्या : तुम्ही कॅमेऱ्यासमोर किंवा मेसेजमध्ये ‘ते जिवंत आहेत, दिसले आहेत’ म्हणालात, तर मृत्यूच्या दाव्याला तुमच्याच तोंडचा पुरावा छेद देईल, आणि ‘सात वर्षं खबर नाही’ हा आधारही डळमळेल. मुलाखती बंद.

२५ हजार डॉलरचं असं. एमएलसीप्रमाणे जहाजावर मृत्यूच्या भरपाईच्या विम्याचं प्रमाणपत्र लावलेलं असावं लागतं. नोकरीच्या करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला दबाव टाकता येत नाही, आणि ती रक्कम घेतली तरी इतर हक्क शाबूत राहतात. एमएलसीच्याच परिशिष्टात पावतीचा नमुनाही आहे, तोच मागा. आधी सामूहिक करार (कंपनी आणि कामगार संघटनेतला) मिळवा. अनेक करारांत १८ वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येकी वेगळी रक्कम असते. नुसी (भारतीय खलाशांची संघटना) किंवा आयटीएफच्या (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) मुंबई कार्यालयातून तो मिळू शकेल. थकलेला पगार आणि रजेचे पैसे हा वेगळा विषय आहे. ते घ्या, पण पावतीवर ‘फक्त पगारापोटी’ असं स्वतःच्या हाताने लिहून.

मृत्यू घोषित करण्याचा दावा वसईच्या दिवाणी न्यायालयात, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ३४ खाली. कंपनी, एजन्सी, एलआयसी, बँक आणि सासरचे वारस सगळ्यांना प्रतिवादी करा, नाहीतर निकाल त्यांच्यावर बंधनकारक नाही म्हणत प्रत्येक जण पुन्हा फिरवेल. बहामाजचे कागद अपोस्टिल (परदेशी कागद इथे ग्राह्य धरला जावा यासाठीचं तिथलं सरकारी प्रमाणन) करून घ्या. रूममेटची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येईल.

शेवटी एलआयसी. हप्ते चालू ठेवा, एकही चुकवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात सांगितलं की, सात वर्षांच्या गृहीतकातून मृत्यूची तारीख ठरत नाही. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली तर दावाही बुडतो. पॉलिसी घेऊन वर्ष झालं असेल तर आत्महत्येच्या तर्कानेही मूळ रक्कम जात नाही, अपघाती रायडर मात्र जातो. बँकेने छोट्या रकमांसाठी स्वतःची मर्यादा ठरवलेली असते. त्या मर्यादेत एफआयआर, पोलिसांचा ‘मिळून आले नाहीत’ अहवाल आणि हमीपत्र यावर, न्यायालयाच्या आदेशाशिवाय रक्कम देता येते. शाखेत ती मर्यादा लेखी विचारा, तोंडी ‘सात वर्षं’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.