पहिल्या हॅकथॉनला निघालीस ना, मग हे वाच

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोन ओळीत उत्तर देऊन टाकावंसं वाटलं नाही म्हणून आज रविवारी सकाळीच बसलेय लिहायला. "ताई, सी थोडं येतं, पायथन दोन महिने केलंय, वेबसाइट कधी बनवली नाही, मग जाऊन काय करू, नाव काढून घेऊ का?" असं विचारलंस.

नको काढू. जा.

आता का ते सांगते. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण जे प्रॅक्टिकल करतो त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, मॅडमना माहीत असतं, सिनिअरच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं, आपलं आउटपुट त्याच्याशी जुळलं की सही मिळते आणि विषय संपतो. हॅकथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत टीमने सलग बसून काहीतरी चालणारं बनवायचं आणि जजना दाखवायचं. तिथे तू जे बनवणार त्याचं उत्तर त्या हॉलमध्ये कोणाकडेच नसतं. तुझ्याकडे नाही, जजकडे पण नाही. पहिल्यांदा हे जाणवतं तेव्हा पोटात गोळा येतो, मला आला होता, पण प्रोग्रामिंग म्हणजे नक्की काय काम आहे ते मला त्या एका रात्रीत कळलं, आधीच्या तीन सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं.

बाबांचं म्हणणं पण कळलं, हॅक म्हणजे दुसऱ्याचं खातं फोडणं, तसल्या ठिकाणी मुलगी कशाला जाते. त्यांच्यावर रागावू नको, पेपरात तो शब्द त्याच अर्थाने येतो. त्यांना सांग की १९९९ च्या जूनमध्ये कॅनडात कॅलगरीला ओपनबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टमवर काम करणारे दहा प्रोग्रामर एकत्र जमले, अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं, सॉफ्टवेअर तिथून बाहेर द्यायला अडचण होती म्हणून कॅनडात बसून काम केलं, आणि त्या बसण्याला हॅकथॉन म्हणाले. म्हणजे कुलूप फोडायला नाही, चांगलं कुलूप बनवायला जमले होते. हे असं सांगितलं तर बाबांना पटेल असं मला वाटतं.

रात्री राहायचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नको. वाळपईला परत यायला रात्री बस नाही आणि २४ तासांच्या हॅकथॉनमधून संध्याकाळी उठून यायचं तर उपयोग नाही. आयोजकांना आधीच फोन करून तीन गोष्टी विचार: मुलींना झोपायला वेगळी खोली आहे का, रात्री कोण मॅडम थांबणार आहेत, आणि त्यांचा नंबर घरी दिला तर चालेल का. जिथे नीट उत्तर मिळेल तिथे जा, आईला त्या मॅडमशी एकदा बोलू दे. जिथे "बघू, होईल काहीतरी" असं म्हणतात तिथे पहिल्या वेळी जाऊ नको, दुसरा हॅकथॉन मिळेल.

टीमबद्दल. तू स्मार्ट इंडिया हॅकथॉनचं पण विचारलंस. तो २०१७ पासून सरकारतर्फे होतो, टीम सहा जणांची असते, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी असावी लागते. नियम चांगलाच आहे, पण त्यामुळे कधी कधी असं होतं की पाच मुलगे टीम जमवतात आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी येऊन सांगतं, "तू ये ना, पीपीटी तू कर". मी असं करून बघितलंय, आमच्या वेळी तो नियम नव्हता पण पीपीटी मात्र माझ्याकडेच आली होती, रात्रभर स्लाइडचे रंग बदलत बसले आणि सकाळी जजने कोडबद्दल विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही. अजून सलतं ते. म्हणून टीममध्ये जायच्या आधीच स्पष्ट विचार, मी कोणता भाग लिहिणार? छोटा असू दे, एकच फॉर्म असू दे, पण तो तुझा. पीपीटी सगळ्यांनी मिळून.

आता आयडिया, इथे मी जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडे हॅकथॉन म्हटलं की पहिली आयडिया टुरिस्टसाठीचं अ‍ॅप. बीच, हॉटेल, स्कूटर भाड्याने. दोन वर्षं मी मेंटर म्हणून टेबलांमधून फिरतेय आणि त्या अ‍ॅपवाल्या टीमला मी नेहमी विचारते की तुम्ही ज्या टुरिस्टसाठी हे करताय त्यातल्या एकाशी तरी बोललात का, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. तू तसं करू नको गो. चवथीला मी तुमच्याकडे आले होते, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून बाबा काय सांगत होते आठवतं? कुळागरात, म्हणजे आपल्या सुपारीच्या बागेत, यंदा कोळेरोगाने किती कोवळी सुपारी गळली ते. बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर झाली, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी करायची असते, ती राहून गेली, कारण एक तर तारीख लक्षात राहिली नाही आणि आठवली तेव्हा पाऊस थांबेना, आणि दोन कोरडे दिवस मिळाले तेव्हा वर चढणारा माणूस दुसऱ्याच्या कुळागरात गेलेला. बाय, यातच तुझा प्रोजेक्ट आहे!

बघ हं. एक फॉर्म, त्यात कुळागराचं गाव आणि पहिल्या फवारणीची तारीख. ती तारीख डेटाबेसच्या एका टेबलात जाते. प्रोग्राम त्यात ४० दिवस मिळवतो, तिथून पुढे हवामानाच्या अंदाजात सलग कोरडे दिवस कुठे दिसतात ते बघतो, आणि दिसले की मराठीत एक मेसेज: "परवा आणि तेरवा पाऊस कमी दिसतोय, फवारणीला माणूस सांगून ठेवा." हवामानासाठी ओपन-मीटिओ नावाचं एपीआय आहे, म्हणजे आपला प्रोग्राम ज्याच्याकडून थेट माहिती मागवू शकतो अशी सोय, शिकण्यासाठी वगैरे वापरायला फुकट, एपीआय की (पासवर्डसारखा गुप्त कोड) पण लागत नाही. पायथनमध्ये तारखेत दिवस मिळवायला एक ओळ लागते. दोन महिन्यांचं पायथन याला पुरतं, खरंच पुरतं.

आणि टीममधलं कोणीतरी म्हणेलच की हे फार साधं आहे, यात एआय घालूया, फोटो काढून रोग ओळखूया, सुपारीचा बाजारभाव दाखवूया, लॉगिन करूया, डार्क मोड करूया. तिथे घट्ट राहा. आधी हा एक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला पाहिजे, फॉर्म भरला की मेसेज आला पाहिजे, दिसायला कितीही ओबडधोबड असला तरी. पहिल्या सहा-सात तासांत हे झालंच पाहिजे असं धर. मग बाकीच्यातलं जे जमेल ते त्याला जोडा. उलटं केलं, म्हणजे पाच जणांनी पाच तुकडे छान बनवले आणि पहाटे चार वाजता जोडायला बसले, तर ते जुळत नाहीत, एकाने तारीख दिवस-महिना-वर्ष अशी पाठवलेली असते आणि दुसरा वर्ष-महिना-दिवस समजून बसलेला असतो. हे मी दर वेळी बघते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण पोरं हुशार असतात, जागलेली असतात, आणि दाखवायला काहीच उभं नसतं. लॉगिन तर पहिल्या दिवशी करूच नको, एक नाव कोडमध्येच लिहून ठेव. हार्डकोड करायला लाजू नको, फक्त जजने विचारलं की सरळ सांग की हे आत्ता हार्डकोड आहे.

जायच्या आधीच्या आठवड्यात बाकी काही झालं नाही तरी गिट शीक, सगळ्यांनी लिहिलेला कोड जपून ठेवायला आणि एकत्र जोडायला ते लागतं. क्लोन, अ‍ॅड, कमिट, पुल, पुश, एवढंच. मग एका मैत्रिणीला घेऊन दोघी मुद्दाम एकाच फाइलची एकच ओळ बदला आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट घडवून आणा, म्हणजे कोणाचा बदल ठेवायचा ते गिटला कळत नाही आणि आपल्याला ठरवावं लागतं, घरी दुपारी शांतपणे एकदा सोडवलेला असला की रात्री अडीचला त्याची भीती वाटत नाही. कुठल्याही सर्व्हिसची एपीआय की वापरलीस तर ती डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेव आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने घ्यायच्या नाहीत अशा फाइलींच्या यादीत, घाल. चुकून ती एपीआय की कोडबरोबर पुश झालीच तर नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, ती की बंद करून नवीन घ्यायची.

एआयकडून कोड घेण्याबद्दल विचारलंस. आधी नियम वाच, चालत असेल तर वापर, माझी एकच अट आहे, जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवू नको. त्यालाच विचार ही ओळ काय करते, दोनदा विचार, आणि तरी नाही कळलं तर साधं काहीतरी स्वतः लिही.

अडलीस की मेंटरकडे जा. आपल्याकडची पोरं, खास करून गावातून आलेली, हात वर करत नाहीत, वाटतं की बाकी सगळ्यांना येतंय. नाही येत गं. मेंटर म्हणून आम्ही तिथे कोणी विचारायला येईल याची वाट बघत बसलेलो असतो, बरेचदा रिकामेच. फक्त "चालत नाही" असं म्हणू नको. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एरर जशीच्या तशी, हे सांग. हे चार मुद्दे कागदावर लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त एकाच ठिकाणी अडकून राहू नको.

झोप. तीन-चार तास तरी झोप, आळीपाळीने. जागरणात लिहिलेला कोड सकाळी दुरुस्त करायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

शेवटचे पाच-सहा तास नवीन काही घालायचं नाही असं टीममध्ये आधीच ठरवा. सगळं चालतंय त्या क्षणी मोबाइलवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, हॉलचं वायफाय डेमोच्या वेळीच रुसतं. रेंडरसारख्या फुकट सर्व्हरवर टाकलं असेल तर १५ मिनिटं कोणी उघडलं नाही की तो झोपतो आणि उठायला मिनिटभर घेतो, म्हणून तुमचा नंबर यायच्या थोडं आधी साइट एकदा उघडून ठेव.

आता ती गोष्ट जी तू मेसेजमध्ये लिहून परत डिलीट केलीस, पण मला नोटिफिकेशनमध्ये दिसली. इंग्रजी. तू माझ्यासारखीच, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीला एकदम सगळं इंग्रजीत, आणि शहरातली पोरं स्टेजवर फाडफाड बोलतात ते ऐकून घसा सुकतो. मला कामाला लागून बारा वर्षं झाली तरी त्या सुकलेल्या घशाची आठवण आहे. मी काय करते ते सांगते. डेमो आधी मराठीत बोलून बघ, आईला सांगतेस तसं. "आमच्या कुळागरात यंदा सुपारी गळली, का, तर दुसरी फवारणी राहिली." ते नीट सांगता आलं की मग त्याच क्रमाने छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत कर, एका वाक्यात एकच गोष्ट. अडलं तर मराठी-कोकणीतला शब्द तसाच वापर, कुळागर म्हण, त्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नको, समोर बसलेल्यांना गोव्यात कुळागर कळतं. आणि सुरुवातीला टीमची ओळख, अजेंडा वगैरे काही नको, तीन-चार मिनिटंच मिळतात, सरळ गळलेल्या सुपारीपासून सुरू कर.

सामान: चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, लॅबमधल्या एसीसाठी शाल, पाण्याची बाटली, हॉटस्पॉटसाठी डेटा. लॅपटॉप दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून मग सॅकमध्ये घाल, उसगाव-फोंडा बसमध्ये खिडकीतून पाऊस आत येतो.

बक्षीस मिळेल की नाही माहीत नाही, पहिल्या वेळी बहुतेक नाही मिळणार, आणि तू चार दिवस गप्प होशील. तेव्हा मला फोन कर, काय चाललं नाही ते बसून बघू. पण त्याआधी आज संध्याकाळी एक काम कर. बाबा कुळागरातून आले, चहा झाला की त्यांना विचार, पहिली फवारणी नक्की कोणत्या तारखेला केली होती, सुपारी गळायला कधी लागली, आणि मेसेज आला असता तर त्यांनी फोनवर तो वाचला असता की कोणी फोन करून सांगितलेलं बरं पडलं असतं. ते जे सांगतील ते वहीत जसंच्या तसं लिहून घे आणि मला फोटो पाठव.

तुझी,
ताई