अटलांटा डाउनटाउनमधलं ते गोल, काचेचं उंच हॉटेल कोणतं? मुद्दाम बघण्यासारखं आहे का?

ते वेस्टिन पीचट्री प्लाझा. ७३ मजले, ७२३ फूट. १९७६ साली उघडलं तेव्हा जगातलं सर्वांत उंच हॉटेल होतं. वास्तुकार जॉन पोर्टमन.

बघावंच, आणि शक्य असेल तर वरच्या मजल्यावरची खोली घ्या. इमारत गोल असल्यामुळे खोल्या पाचरीच्या आकाराच्या आहेत: दाराशी अरुंद, आणि आत जावं तसतशा रुंद होत थेट वळणदार काचेच्या भिंतीपर्यंत. पडदा सरकवला की अख्खं शहर समोर. काचेची लिफ्ट इमारतीच्या बाहेरून वर चढते, तीही चुकवू नका. मार्च २००८ च्या टोर्नेडोत (जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळात) याच्या बऱ्याच काचा फुटल्या होत्या, पुढे त्या बदलल्या.

रस्त्याच्या पातळीवर मात्र मला ते आवडत नाही. फुटपाथवरून चालणाऱ्याला बराच भाग नुसतं कोरं काँक्रीट दिसतं.

पोर्टमनचं खरं कसब बघायचं तर तिथून चालत हयात रीजन्सीला (१९६७) जा. मधोमध २२ मजली मोकळं प्रांगण आणि मजल्यामजल्यावर खोल्यांच्या दारांसमोरचे सज्जे त्या प्रांगणाकडे उघडणारे. पुढे जगभरातल्या हॉटेलांनी ही रचना उचलली. शेजारच्याच मॅरियट मार्क्विसमध्येही (१९८५) लॉबीत उभं राहून एकदा वर बघा. आत वळत वळत वर गेलेले ते सज्जे फोटोत मावत नाहीत.

विमानतळावरून मार्टा रेल्वेने थेट पीचट्री सेंटर स्टेशनला उतरा, टॅक्सीची गरज नाही.