केऑसच्या जांभईपासून सुरुवात करा

लेक नववीत आहे, इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकते आणि आठवड्यात विसरते. त्याऐवजी ग्रीक-रोमन सृष्टिकथांमधून शब्द शिकवले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. मी बरीच वर्षं शिकवण्या घेते, त्यावरून सांगते: आधी गोष्ट पूर्ण रंगवून सांगा, शब्द मागून काढा. शब्द काढायला म्हणून गोष्ट सांगितली की पोरांना लगेच वास येतो.

इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराचा कवी हेसिऑड सांगतो, सगळ्यात आधी केऑस होता. आपण केऑस म्हणजे गोंधळ समजतो, पण मूळ ग्रीक शब्दात आ वासलेली पोकळी आहे. मी वर्गात मोठ्ठी जांभई देते आणि म्हणते, हा केऑस. खोल दरीला म्हणतात तो कॅझम शब्द याच घरातला. गोंधळाचा अर्थ पुढे रोमन कवी ओव्हिडकडे ठळक होतो. त्याचा केऑस म्हणजे सगळी द्रव्यं एकत्र पडलेला ओबडधोबड ढीग. आणि सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने याच शब्दावरून 'गॅस' घडवला. सिलिंडर दाखवून सांगा, विसरणार नाही.

मग गाया, म्हणजे पृथ्वी. तिच्यावरून जिऑग्राफी, जिऑलॉजी, जिऑमेट्री. शेवटचा तर मराठीतच उलगडतो: भू आणि मिती.

पुढचं मला सगळ्यात आवडतं. क्लाप्रोट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये युरेनियमला नाव दिलं ते नव्या सापडलेल्या युरेनस ग्रहावरून, म्हणजे मुळात आकाशदेव उरानोसवरून. १७९५ मध्ये टायटेनियम, टायटनांवरून, म्हणजे उरानोस आणि गायाच्या मुलांवरून. १७९८ मध्ये टेल्युरियम, लॅटिन टेलस म्हणजे पृथ्वीवरून. बाप, पोरं आणि आई, अख्खं कुटुंब आवर्तसारणीत! विज्ञानाचं पुस्तक उघडून तिलाच शोधू द्या.

एक खड्डा मात्र आहे. टायटनांपैकी क्रोनोसने बापाला, म्हणजे उरानोसला, विळ्याने काय केलं ते घरी किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण क्रॉनिक, क्रोनॉलॉजी हे शब्द त्याच्या नावावर टाकू नका. ते 'काळ' या अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दावरून आलेत. खुद्द ग्रीकांनीही ही गल्लत केली होती, आणि मीही दोन बॅचना ठोकून चुकीचं शिकवलंय. तसंच उरानोस म्हणजे आपला वरुण, हे ऐकायला छान वाटतं, पण भाषातज्ज्ञ आता सहसा मानत नाहीत. ग्रीक झ्यूस, रोमन ज्युपिटर आणि वेदातला द्यौष्पितर या नावांचं नातं मात्र पक्कं आहे, ते बिनधास्त सांगा.

एका बैठकीला एक गोष्ट, चारपाच शब्द, बस. दुसऱ्या दिवशी तिने ती गोष्ट आजीला मराठीत सांगायची, शब्द तेवढे इंग्रजी. आणि पँडोरापर्यंत, म्हणजे जगातली दुःखं मोकळी सोडणाऱ्या पहिल्या स्त्रीच्या गोष्टीपर्यंत, पोचलात की 'पँडोराची पेटी' म्हणू नका, हेसिऑडकडे रांजण आहे. पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिनमधून आली.