आईच्या घरात कॅमेरा लावू का?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे कुडाळला सल्ल्यासाठी येणाऱ्या लोकांकडून एक प्रश्न सारखा ऐकते, आणि विचारणारे बहुतेक मुंबई-ठाण्याला नोकरी करणारे, पन्नाशीच्या आसपासचे मुलगे-मुली असतात. मॅडम, आई गावी एकटी असते, घरात कॅमेरा बसवला तर बरं ना? काहींनी तो आधीच बसवलेला असतो आणि मग प्रश्न असा असतो की कॅमेरा लावल्यापासून आई बदलली, धड बोलत नाही, चिडचिड करते, आता काय करायचं. आज अशाच एका घराबद्दल लिहितेय, घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वेंगुर्ल्याकडचं गाव. काकी सत्तरीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, थोरला ठाण्याला, धाकटा पुण्याला, मुलगी गोव्यात दिलेली. एका पावसाळ्यात रात्री न्हाणीत पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, उठता येईना, हाका मारल्या पण बाहेर पाऊस असा की कोणाला ऐकू जाणार, सकाळी शेजारीण दूध घेऊन आली तेव्हा कळलं. थोरला पार हादरला. महिनाभरात फायबरचं वायफाय आलं आणि तीन कॅमेरे लागले, एक पडवीत, एक माजघरात, एक झोपायच्या खोलीत. ठाण्यात बसून मोबाईलवर सगळं दिसतं, कॅमेरा फिरवता येतो, त्यातून बोलताही येतं.

त्याची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगते, कारण अशा गोष्टी ऐकल्या की लोक पटकन मुलाला दोष देतात. म्हातारं माणूस पडल्यावर जेवढा मार लागतो तेवढंच वाईट असतं तासन् तास जमिनीवर पडून राहणं, अंगातलं पाणी कमी होतं, स्नायू खराब होतात, अंग दाबून जखमा होतात आणि एकदा असं झालं की मनात जी धास्ती बसते ती पुढे चालणंफिरणंच कमी करते. त्यामुळे पडल्यापासून कोणीतरी येईपर्यंतचा वेळ कमी करायचा हा त्याचा विचार बरोबरच होता.

शिमग्याला तो गावी आला तेव्हा आईला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला आई डिप्रेशनमध्ये गेलीय, कदाचित विसरभोळेपणा पण सुरू झालाय, जेवत नाही, फोनवर नुसतं हो-हो करते आणि दिवसभर घराच्या मागे जाऊन बसते, उन्हातान्हात, विचित्र वागते. पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग काढून दाखवली. रिकामं माजघर, रिकामी पडवी, मध्येच काकी झपझप पुढून मागे जाताना. एका रेकॉर्डिंगमध्ये तर त्यांनी खोलीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला.

मी त्याला बाहेर बसवलं आणि काकींशी एकटीनेच बोलले. वयस्कर माणसांसाठी पंधरा साध्या प्रश्नांची एक चाचणी असते, गेल्या आठवड्यात कसं वाटलं एवढंच विचारायचं आणि हो-नाही उत्तर घ्यायचं. ती घेतली, उदासी होती पण फार खोल नव्हती. स्मरणशक्तीचं म्हणाल तर त्यांनी मला यंदा कुठल्या कलमाला मोहोर किती आला आणि कोणाच्या लग्नाला किती आहेर केला हे न अडखळता सांगितलं. तरी डॉक्टरांकडून थायरॉईड आणि बी-12 तपासून घ्यायला लावलं आणि कान तपासायला लावले, हे मी प्रत्येकाला सांगते कारण या गोष्टींमुळेही माणूस गप्प होतं आणि आपण उगाच मनात कारणं शोधत बसतो. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं, फोनवरच्या हो-हो चं निम्मं कारण तिथेच सापडलं.

बाकीचं निम्मं त्यांनीच सांगितलं. "माका काय जाला नाय गो, पण घरात बसाक नको वाटता. वर तो डोळो आसा मा." आधी त्यांना वाटलं होतं की हा फक्त रात्रीसाठी आहे. मग एके दुपारी जरा आडव्या झाल्या होत्या तर छतातून आवाज आला, आई गोळी घेतलीस का? काळीज धडधडलं म्हणाल्या. मग एकदा सूनबाईने फोनवर सहज विचारलं की आज दुपारी बराच वेळ झोपलात, बरं नाही का. तिने काळजीनेच विचारलं असणार. पण काकींना कळलं की सगळे बघतात. ठाण्याचं घर बघतं, पुण्याचं बघतं, सगळ्यांकडे पासवर्ड. त्या दिवसापासून त्या लुगडं बदलायला न्हाणीत जायला लागल्या, म्हणजे जिथे पडल्या होत्या त्याच निसरड्या जागी, आणि हे ऐकून मला खरंच धस्स झालं. पेज सुद्धा मागच्या दारी चुलीवर करायच्या, गॅस माजघरातून दिसतो म्हणून. मुलाला का नाही सांगितलं? "झिलाक वायट वाटतला म्हणान गप ऱ्हवलंय."

आणि त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. शेजारच्या दोघी-तिघी बायका दुपारी पडवीत यायच्या, पान खायचं, सुनांची गाऱ्हाणी सांगायची, कोणाच्या घरी काय चाललंय ते बोलायचं. कॅमेरा लागल्यावर त्या यायच्या बंद झाल्या. एकीने तोंडावर सांगितलं, "तुझ्याकडे बसला काय ठाण्याक दिसता, नको गो बाय." बरोबरच आहे तिचं, सुनेची तक्रार करायला कोण कॅमेऱ्यासमोर बसेल.

म्हणजे ज्या शेजारणीमुळे काकी त्या सकाळी सापडल्या तिचंच येणं या कॅमेऱ्याने थांबवलं होतं.

शक्य असेल तिथे मी घर बघून येते, कारण केबिनमध्ये बसून माणूस जेवढं सांगतं त्याच्यापेक्षा जास्त घर सांगतं. हे घर मुळात चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं म्हणजे अंगण, खुली पडवी, मागे न्हाणी. मुलांनी चांगल्या मनाने, स्वतःच्या कमाईतून ते सुधारलेलं होतं. सारवलेल्या जमिनीवर गुळगुळीत टाईल्स आल्या, छान दिसतात पण आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने नुसत्या ओल्या असतात, त्यावरून ओला पाय गेला की संपलं. पडवीला लोखंडी ग्रिल लागलं, त्याला आतून कडी, त्यामुळे जाता-येता "काय गो, जेवलंस?" म्हणत पायरीवर टेकणारं माणूस आता ग्रिलबाहेर उभं राहतं आणि उभं राहिलेलं माणूस दोन मिनिटात निघून जातं. विहिरीवर पंप बसला, नळ थेट स्वयंपाकघरात, मग पाण्याला जाणं संपलं. किराणा थोरला ठाण्यातून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप करतो, पैसे यूपीआयने देतो, पोरगा पिशवी ग्रिलला अडकवून जातो.

यातली एकही गोष्ट वाईट नाही. या वयात रहाटाने पाणी ओढायला लावणं हा छळ आहे, तेव्हा कोणी असा अर्थ काढू नका की जुनं तेच चांगलं. पण पाण्याच्या निमित्ताने, दुकानाच्या निमित्ताने, पडवीच्या निमित्ताने दिवसातून जी पाच-सहा माणसं काकींशी दोन शब्द बोलत होती ती एकेक करून गेली, आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नाही कारण प्रत्येक वेळी एक कष्ट कमी झाला होता. कॅमेरा शेवटी आला. दुपारचा पडवीतला तास तेवढा उरला होता तो त्याने घेतला.

आता थोरल्याबद्दल, कारण माझ्या दृष्टीने या केसमध्ये दोन माणसांना मदत हवी होती. मी त्याला एक कागद दिला आणि सांगितलं की आठ दिवस अ‍ॅप उघडलं की नुसती एक रेघ मार, बाकी काही बदलू नको. कागद भरून आला. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, रात्री पाणी प्यायला उठल्यावर. मांजर गेली तरी नोटिफिकेशन यायचं आणि हा दचकायचा. काळजीचं असं असतं की बघितलं की पाच मिनिटं बरं वाटतं, मग परत शंका येते की आता काय झालं असेल, मग परत बघायचं, आणि जितकं जास्त बघाल तितका न बघता येणारा वेळ जड जातो. त्याची झोप मोडली होती, बीपीची गोळी सुरू झाली होती आणि तरी त्याला वाटत होतं की आपण कमी पडतोय. बाबा गेले तेव्हा तो पोचू शकला नव्हता, हे बोलता बोलता निघालं आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मग त्याने स्वतःच परतीच्या पावसातली गोष्ट सांगितली. वादळी पाऊस झाला, लाईट गेली, वायफाय गेलं, तिन्ही कॅमेरे ऑफलाईन, मोबाईलचा टॉवरही बंद. 2021 च्या तौक्ते वादळात ज्यांनी सिंधुदुर्गात कितीतरी दिवस लाईट आणि नेटवर्कशिवाय काढलेत त्यांना यात नवल नाही, आपल्याकडे जेव्हा खरी गरज असते नेमकी तेव्हाच ही यंत्रं बंद पडतात. तो रात्रीच गाडी काढून निघाला, घाटातून पावसात, सकाळी पोचला तर घराला कुलूप. आई शेजारणीकडे पेज खात बसलेली. संध्याकाळीच शेजारीण बॅटरी घेऊन येऊन घेऊन गेली होती, "एकटी कित्याक ऱ्हवतंस, चल" म्हणून. मी त्याला एवढंच विचारलं की त्या रात्री तुमच्या आईला कोणी बघितलं? उत्तर त्याला माहीतच होतं.

त्यानंतर आम्ही तिघं एकत्र बसलो आणि पहिल्यांदा काकींना विचारलं की तुम्हाला काय हवंय. हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "पडलंय तर उचलूक माणूस व्हयो, तो कॅमेरो काय उचलतलो?" याच वाक्यावर सगळी आखणी केली.

आतले दोन्ही कॅमेरे काढले. पडवीतला काढून खळ्याच्या बाहेरच्या बाजूला, गेटकडे तोंड करून लावला, आवाज बंद, म्हणजे कोण आलं-गेलं ते दिसेल पण पायरीवरचं बोलणं कोणी ऐकणार नाही, आणि हे शेजारणींना घरी बोलावून मोबाईलवर प्रत्यक्ष दाखवलं की बघा, पडवी दिसत नाही. पासवर्ड बदलला, आता एकट्या थोरल्याकडे आहे. कॅमेऱ्याच्या पैशापेक्षा कमी पैशात न्हाणीत दोन ठिकाणी धरायच्या दांड्या आल्या, खाली खरखरीत मॅट आली, खाटेपासून न्हाणीपर्यंत हालचाल झाली की आपोआप लागणारे बॅटरीचे छोटे दिवे आले. रात्री उठताना आधी खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसायचं मग उभं राहायचं, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की चक्कर येऊ शकते, ही सवय लावायला मात्र वेळ लागला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वायरलेस बेल. दारावरची साधी बेल असते तीच, बटण न्हाणीत खालच्या बाजूला, पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं, दुसरं खाटेजवळ, आणि वाजणारा भाग शेजारणीच्या स्वयंपाकघरात. चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल नीट जात नाही म्हणून जागा तीन-चारदा बदलून बघावी लागली, आणि लाईट गेली तरी वाजावी म्हणून सेलवर चालणारी घेतली. शेजारणीकडे घराची एक किल्ली. तिच्या मुलाचा नंबर थोरल्याकडे, आणि काकींकडे मोठ्या बटणांचा साधा फोन, एक बटण दाबून ठेवलं की ठरलेल्या नंबरला फोन जातो.

मोबाईलवर बघायचं प्रमाण थोरल्याने हळूहळू कमी केलं. सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी फोन, डाव्या कानाला लावून, स्पीकरवर नाही. उचलला नाही तर अर्धा तास थांबायचं, मग शेजारी फोन. तो अर्धा तास त्याला सुरुवातीला फार जड गेला, एकदा मलाच फोन केला होता. आणि किराणा आता काकी स्वतः सांगतात, पैसे ठाण्यातूनच जातात पण पिशवी आणायला त्या शेजारणीबरोबर दुकानात जातात, जमेल त्या दिवशी.

सगळं जुळलंय असं नाही. धाकट्याला अजून वाटतं की खोलीतला कॅमेरा ठेवायला हवा होता, आणि त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, काकींची तब्येत बदलली, परत पडल्या, खरंच विसरायला लागल्या तर पुन्हा बसून ठरवावं लागेल, तेव्हाही आधी त्यांना विचारूनच. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या घरी कॅमेऱ्याचा उपयोग होतो, तशी घरं मी बघितलीत. ग्रिलची कडी दिवसा उघडी ठेवायची की नाही यावर अजून वाद चालू आहे, भटक्या कुत्र्यांचा आणि माकडांचा त्रास खरा आहे.

तुमच्या घरी हा विचार चालू असेल तर ऑर्डर देण्याआधी एकदा गावी जाऊन पूर्ण दिवस आईबरोबर बसा, फोन बाजूला ठेवून, आणि बघा ती दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे बसते, कोण येतं, कोण यायचं थांबलंय, रात्री उठते तेव्हा पाय कुठे पडतो. आई जेवण टाकते, झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या 14416 या नंबरवर बोला, मराठीतून बोलता येतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 ही एल्डरलाईन आहे. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ भिंतीला लावून ठेवा.